दुसरा दाणा

मिलिंद, आधी वास येतो, मग तू.

जाड मिठात भाजलेल्या शेंगदाण्यांचा, कडेला किंचित करपलेला वास. तू ते दाणे दोन्ही तळव्यांत चोळायचास, ओंजळ तोंडाशी नेऊन फुंकर घालायचास, आणि तांबूस फोलपटं तुझ्या बेडशाच्या ओट्यावरून अंगणात तरंगत जायची. आता तोच वास मला सोसत नाही. लोणावळ्यात राहून त्याच्यापासून पळायचं तरी कुठे? बाजारात पावलोपावली दाणे भाजले जातात, कढईत गुळाचा पाक रटरटतो, आणि रस्त्यात गाड्या आडव्या लावून माणसं चिक्कीचे नमुने चाखत हसतात. मी ओढणी नाकाशी धरून तेवढा रस्ता ओलांडते. तू गेल्यापासून मला रडू आलेलं नाही, मळमळतं. शोक डोळ्यांतून वाहतो, असं मी कवितेच्या वर्गात शिकले होते. तो घशाशी येऊन आंबतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ही शिसारी चारचौघांत पहिल्यांदा वर आली. त्रिसरण-पंचशील होईपर्यंत मी ठीक होते. वितळत्या मेणाचा वास, पांढऱ्या कपड्यांची सळसळ, एका सुरात मिसळलेले बायकांचे आवाज, एवढ्यात तुला ठेवून घेता येत होतं. मग बोलणारे उभे राहिले. देहूरोडच्या डेपोतले तुझे साहेब म्हणाले, "मिलिंद म्हणजे एकमार्गी माणूस. स्टोअर एके स्टोअर. दुसरा नाद नाही." त्यांच्यामागून तुझ्या गायन पार्टीचे ढोलकीवाले भाऊ उठले. "नोकरी पोटासाठी हो. आमचा मिलिंद जन्मला तो गाण्यासाठीच." माइक मधूनच शिट्टी मारत होता. दोघंही प्रामाणिक होते, दोघांचेही डोळे ओले होते, आणि मला दोघांचीही किळस आली. एकमार्गी! तू! दिवसभर सुट्या भागांची मोजदाद करणारा, एप्रिल आला की गावोगावच्या स्टेजवर घसा फुटेस्तोवर गाणारा, आणि रविवारी दुपारी चटईवर मांडी घालून एक अख्खं राज्य, त्यातल्या नद्या, किल्ले आणि कपटी प्रधान यांसकट, नुसत्या आवाजातून उभं करणारा तू. त्या मांडवात त्यांनी तुझी वाटणी केली. तिसऱ्या वाट्याचं नाव कुणी काढलं नाही. मला विचारलं असतं तरी चाळिशीच्या तीन माणसांच्या त्या खेळाचं काय सांगणार होते मी?

इथे सांगते.

परशाच्या बंगल्यावरचे पाहुणे तो डबा विसरले नसते तर यातलं काहीच घडलं नसतं. परशा म्हणजे तुझ्या शाळेपासूनचा दोस्त. पवना धरणाच्या काठी कुणाच्या तरी मोठ्या बंगल्याची राखण करतो, आणि पाहुण्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंवर स्वतःचा घर-संसार सजवतो. डब्यात चित्रविचित्र फासे होते, काहींना तर वीस बाजू, आणि खाली एक जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक. "त्यांनी परत मागितला न्हाई, म्हंजी आपलाच," असं म्हणून परशानं तो तुझ्या ओट्यावर आणून टाकला. कामशेत ते बेगडेवाडी, डेपोला लोकलनं जाता-येता, तू ते पुस्तक वाचून संपवलंस.

मी त्याच सुमारास बेडशाला आले होते, आणि ज्या कामासाठी आले होते त्याची आठवण झाली तरी मला आजही चूळ भरावीशी वाटते. मी डोंगरउतारांवरचे बंगले विकणाऱ्या एका कंपनीसाठी जाहिराती लिहिते. तेव्हा मला लेण्यांबद्दल दोन परिच्छेद हवे होते. तू मला वर घेऊन गेलास, त्या थंड खांबांवर तळवा टेकवायला लावलास, आत एक स्वर लावून दाखवलास; तो स्वर छतावरून उतरून आपल्या खांद्यांवर बसला. मग मी वहीत काय लिहिते ते तू वाकून वाचलंस. 'लेण्यांच्या सान्निध्यात.' "आता सान्निध्य पण विकायला काढलं का मॅडम?" तू विचारलंस. मी हसले, आणि हसताना लाजले. खाली उतरताना तू म्हणालास, "रविवारी या दुपारच्या. खेळात शब्दवाली एक पायजे."

खेळ असा होता. तू जग सांगायचास. आम्ही दोघं त्या जगातली दोन माणसं. आमच्या माणसानं काही करायचं म्हटलं की आम्ही फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यात त्या माणसाचं कसब मिळवायचं, आणि जमलं की फसलं ते तू ठरवायचंस. पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांना तू आपली नावं दिलीस: पेशा, पायरी, हुन्नर. आणि पुस्तकात जिथे हुन्नराचे गुण आकड्यांत मांडले होते, तिथे तू शेंगदाणे आणलेस. प्रत्येकाचं एक ताट, ताटात प्रत्येक हुन्नराची एक वाटी. प्रवासाचा एक टप्पा पार झाला की माणूस पायरी चढायचं, तू मूठभर दाणे हातावर ठेवायचास, आणि आम्ही ते वाट्यांत वाटायचे. माझी रेणू गायिका होती, तिच्या गाण्याच्या वाटीत दाणे सर्वांत जास्त. परशाचा माणूस चोर. एकदा गोष्टीच्या भरात परशानं बसल्या बसल्या आपल्या चोराची कुलपं उघडायची वाटी खाऊन टाकली. तू शांतपणे म्हणालास, "तुझा चोर कुलपं विसरला." परशा तीन रविवार भांडला. "आरं, भूक लागलेली! भुकेनं कुणी विद्या विसरतं का?" तू म्हणालास, "लय जण विसरत्यात."

आपल्या भांडणाचं मूळ मात्र दोन पेशांच्या माणसात होतं.

पुस्तकाचा पहिला नियम तू आम्हाला वाचून दाखवलास तेव्हाचा तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. दाण्यात किडका निघावा तसा. पहिल्या पायरीवर जो पेशा असेल, त्याचे दाणे चौपट मिळतात. चोराला मुळात दाणे अधिक, शिपायाला थोडे. म्हणजे चोर होऊन मग शिपाई झालेला आणि शिपाई होऊन मग चोर झालेला, दोघं पुढे एकाच उंचीवर उभे राहिले, तरी एकाचं ताट भरलेलं आणि दुसऱ्याचं कायमचं उणं. तू पुस्तक पालथं घातलंस. "म्हंजी सुरवात कुटं झाली, त्याच्यावर जलमभराचं माप? हे आमच्या आज्यानं छप्पन साली सोडलंय. हितं पुन्हा न्हाई बसू द्यायचं." त्या दिवसापासून तुझ्या चटईवर सगळ्यांना सारखेच दाणे मिळाले. मला तुझा अभिमान वाटला. तो अजून वाटतो, आणि म्हणूनच दुसऱ्या नियमाचा राग अजून जात नाही.

दुसरा नियम तू ठेवलास. माणूस ज्या पेशाची पायरी चढतं, त्या पेशाची हुन्नरं त्या वेळी एका दाण्याला एक. त्या पेशाबाहेरचं हुन्नर वाढवायचं तर दोन दाणे मोजायचे आणि वाटीत पडायचा एकच. रेणूनं तलवार घेतली होती ती परशाच्या चोराला वाचवण्यापुरती; मग ती खाली ठेवायची राहून गेली. पायरीमागून पायरी ती शिपाई म्हणून चढली, आणि गाण्याची वाटी होती तिथेच थांबली. त्या वाटीत एक दाणा टाकायचा तर मला दोन द्यावे लागत. एक वाटीत. दुसरा तू उचलायचास, तोंडात टाकायचास आणि माझ्याकडे बघत चावायचास.

तो आवाज! दाढेखाली दाणा फुटल्याचा, मग त्याचा लगदा होत असल्याचा तो ओला, बेफिकीर आवाज. मी पुस्तकी शिव्या दिल्या, खऱ्या दिल्या. "घाण नियम आहे हा."

"घाण न्हाई. खरा हाय."

"एक फेकलास तसा दुसरा का नाही फेकत?"

"पयला नियम माणूस कुटं जन्मला ते बघतो. ह्यो दुसरा, माणसानं दिवस कुटं घालवला ते बघतो." आणि वर मिस्कीलपणे, "जलम आपल्या हातात न्हाई मॅडम. दिवस?"

परशानं मधे मांडवलीही करून पाहिली. बंगल्यावर आलेल्या कुठल्याशा मुलांनी त्याला सांगितलं होतं की त्या खेळाचे नवे नियम निघाले आहेत. त्यांत दाणे नाहीत, वाट्या नाहीत. नवा पेशा धरला की त्याची थोडी हुन्नरं तेवढी नव्यानं मिळतात. जी हुन्नरं एकदा आपली झाली, ती माणूस एकूण जेवढ्या पायऱ्या चढतं त्या हिशेबानं आपोआप वाढत राहतात, मग त्या पायऱ्या कुठल्याही पेशाच्या असोत. "बघ, भांडणच मिटलं," परशा म्हणाला. मी लगेच त्याच्या बाजूला गेले. तू तोंड वाकडं केलंस. "शी! न गाता गळा वाढतो? तलवार फिरवून सूर लागतो? मी डेपोत नुसते नट मोजले असते तर माझा आवाज आपोआप चढला असता व्हय?"

"चढतो," मी म्हणाले. "जगण्यानं चढतो. बंगले विकतानाही माझा कान तयार होतच असतो."

तू नुसती फोलपटं फुंकलीस. त्या न बोलण्याचा मला तुझ्या बोलण्याहून अधिक संताप आला, कारण मी एकही कविता न लिहिल्याला किती काळ लोटला हे तुला माहीत होतं, आणि तू ते उच्चारलं नाहीस. मीही नोकरी धरली होती ती एका वर्षापुरती.

मग तो शेवटचा रविवार. रेणू गडाच्या दरवाजाशी पोचली होती. दाराशी पहाऱ्याला एक म्हातारी, जिचा मुलगा त्याच गडाच्या लढाईत गेलेला. तिच्यावर तलवार चालेना, परशाच्या चोराची थाप चालेना. गाणंच चाललं असतं, आणि ते गाण्याइतकी रेणूची वाटी भरलेली नव्हती. एक दाणा कमी पडत होता. नेमकी त्याच वेळी ती नवी पायरी चढत होती. मी जाहीर केलं की ही पायरी ती गायिका म्हणून चढेल. तू मान हलवलीस. तुझ्या चटईची रीत होती, मधल्या प्रवासात जे काम केलं त्याच पेशाची पायरी. "सबंध वाटभर तलवार चालवली तिनं. शिपाई म्हणूनच चढंल. गाणं पायजे तर दोन दाणे ठेव."

"दुसरा दाणा मी देणार नाही."

"तू न्हाई देणार, का रेणू?"

मी ताट सरकवलं आणि उठले. परशा म्हणाला, "आगं बस की, खेळ हाय." तुझी सुनंदा, आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. मी चपला घालत असताना तू ओट्यावर आलास आणि भांडण जणू झालंच नाही अशा आवाजात म्हणालास, "वाटी तेवढीच हाय ना पण?"

हाही त्याच नियमाचा भाग होता, तूच शिकवलेला. जो कधीच गायक नव्हता, त्याला गाण्याची वाटी मिळायची तीच मुळी अर्ध्या उंचीची. पण जी एकदा गायिका होती, ती पुढे शिपाई होवो, न्हावी होवो, तिची वाटी पूर्ण उंचीचीच राहते. भरायला महाग पडते, एवढंच. वाटी लहान करायची सोय पुस्तकात नाही.

मी म्हणाले, "वाट्या भांड्यांच्या दुकानात ढिगानं मिळतात."

तू मोठ्यानं हसलास. "बरं. पुढच्या रविवारी ठरवू."

बुधवारी परशाचा फोन आला, तू गेल्याचा. मी क्षमा मागायला बसलेली नाही, मिलिंद. माझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. माझा राग त्यावर आहे की तू निकाल न देता गेलास. सगळ्या राज्याचा कारभार आपल्या हाती ठेवायचा, दुसऱ्याला दाराशी तिष्ठत उभं करायचं, आणि निघून जायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

फोनवर परशा आधी रडला, मग म्हणाला, "कामशेतच्या चौकात फ्लेक्स लावायचाय. त्याच्या नावानं चार ओळी दे. तुझ्यासारख्या तूच लिहशील."

मी बसले. खिडकी बंद केली, पंखा बंद केला, कारण शब्द उतरताना मला आवाज चालत नसे. बऱ्याच वेळानं एक ओळ आली. लय बिनचूक होती. मी ती मोठ्यानं म्हणून पाहिली. 'सह्याद्रीच्या कुशीत विसावला.' आणि माझ्या लक्षात आलं की ही ओळ माझीच आहे, द्रुतगती मार्गाच्या फलकावर आहे, तिच्याखाली एका पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. मी मोरीकडे धावले. पोटात काही नव्हतं. नुसतं कडू पाणी पडलं. जबड्यात त्या शब्दाची चव होती, कुशीत, गुळाच्या पाकासारखी चिकट. मी तुला सांगत होते ना, कान आपोआप तयार होतो? झाला होता. कशासाठी तयार झाला होता ते त्या मोरीशी वाकून मी पाहिलं.

ओळी मी दिल्या नाहीत. फ्लेक्स लागलाच. वरच्या कोपऱ्यात तुझ्याशी कधी चार शब्द न बोललेल्या पुढाऱ्याचं हात जोडलेलं चित्र तुझ्या चेहऱ्याहून मोठं, आणि तुझ्या हनुवटीखाली कुठून तरी उचललेल्या, यमकाला यमक घासणाऱ्या ओळी. त्या इतक्या वाईट होत्या की मला क्षणभर हायसं वाटलं. निदान त्यांत लय नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी परशा आणि मी तुझ्या घरी गेलो. वहिनींजवळ बसायचं, एवढंच ठरलं होतं. ओट्यावर झाडूनही कोपऱ्यात फोलपटं राहिली होती, दमट होऊन फरशीला चिकटलेली. आत गेल्यावर वहिनींनी पाणी दिलं आणि काही न विचारता फडताळातून दोन ताटं काढून आमच्यापुढे ठेवली. वर जाळी झाकलेली. जाळी उचलली आणि तो वास आला: खवट, तेलकट, जुन्या दिव्याच्या वातीसारखा. गाण्याच्या वाटीतले दाणे सर्वांत जुने. काळपट पडले होते.

"वहिनी, टाकून द्या हे," परशा तोंड फिरवून म्हणाला. "आता कुणाला खेळायचंय."

"तू खा की. तुला सवय हाय," वहिनी म्हणाल्या. परशा हसला आणि त्याचं हसणं मधेच मोडलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, ती म्हातारी दारातच उभी हाय न्हवं अजून?"

इतकी वर्षं त्या आत भाकरी थापत होत्या, दाणे भाजत होत्या. 'आज कोण मेलं तुमच्यातलं?' एवढंच विचारायच्या.

"भिंत काय आभाळाला भिडलीय का? सगळं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "बुधवारी डबा भरून देताना मी त्यांना इचारलं, का अडवता तिला? एका दाण्यानं काय हुतंय? तर म्हणले, देऊन तर बघू दे तिला."

"आणि दिला नाही तर?"

"तर म्हणले, मी थांबतो की. मला कुटं जायचंय."

बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती. परशानं डोळे पुसले आणि ओट्याकडे गेला. मला पुन्हा मळमळायला लागलं, आणि तरीही मी ताट पुढे ओढलं. शेजारी तुझा डबा होता, त्या शेवटच्या रविवारचे दाणे असलेला. मी झाकण काढलं. दाणे सादळून मऊ पडले होते, बोटांना ओलसर लागत होते. मी एक उचलून गाण्याच्या वाटीत टाकला. स्टीलवर दाणा पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग दुसरा उचलला. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. तुझी जागा रिकामी होती; चटईवर तिथे ऊन पडलं होतं. हात तसाच पुढे धरून मी बसून राहिले. द्यायला निघाले, तर घ्यायला कुणी नव्हतं.

वहिनी तुझ्या जागेवर येऊन बसल्या. मांडी घातली, तशीच. माझ्या तळव्यावरचा दाणा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि तोंडात टाकला. खवटपणानं त्यांचा चेहरा आकसला, डोळे मिटले, गळ्याची शीर ताठ झाली. मला वाटलं, आता थुंकतील. त्या थुंकल्या नाहीत. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत चावला, गिळला. तो ओला, बेफिकीर आवाज मी पुरता ऐकला.

मग त्यांनी वीस बाजूंचा फासा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या,

"टाक."